सॉस गेला आणि तुम्ही मला हिशोब शिकवताय

३१ ऑक्टोबर २०२५ ला पुणेरी पलटण प्रो कबड्डीची फायनल हरली, दबंग दिल्लीकडून, ३१-२८. आणि शेवटच्या मिनिटात पकड करून तोंडचा घास कोणी काढला, तर फजल अत्राचलीने, डावा कोपरारक्षक, जो २०२२ ला आपल्याच पलटणचा कॅप्टन होता. मी इथे न्यू जर्सीत ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून फोनवर बघत होतो, इथे सकाळचे साडेअकरा वाजले असतील, आणि संध्याकाळी मुलीला ट्रिक-ऑर-ट्रीटला घेऊन फिरतानाही डोक्यात तीच पकड. रात्री शाळेतल्या मित्रांच्या ग्रुपवर लिहिलं की पुढच्या लिलावात आपण पहिला मोठा पैसा कोपऱ्यावर घालायला पाहिजे. एवढंच लिहिलं होतं.

चार दिवसांनी, ४ नोव्हेंबरला, न्यूयॉर्क जेट्सनी, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधल्या, एनएफएलमधल्या, माझ्या टीमने, सॉस गार्डनर या आपल्या कॉर्नरबॅकला इंडियानापोलिस कोल्ट्सकडे पाठवून दिलं, बदल्यात पहिल्या फेरीचे दोन पिक, म्हणजे नवीन खेळाडू निवडायचे हक्क, आणि एक रिसीव्हर, म्हणजे बॉल झेलणारा. लगेच कसब्यातल्या मित्राचा मेसेज. "बघ, तुमच्या जेट्सनी चौथ्या नंबरवर कॉर्नरबॅक उचलला होता, काय मिळालं? एकदा तरी प्लेऑफ? पहिल्या फेरीत कॉर्नर घेणं म्हणजे घराला छप्पर नाही आणि दाराला पितळी कडी. कबड्डीत पण तेच, मॅच चढाईपटूच जिंकून देतो." खाली सात-आठ अंगठे. त्यातल्या निम्म्यांनी आयुष्यात एक अख्खी फुटबॉल मॅच बघितलेली नाही, हायलाईट्स बघून मतं बनवतात, आणि मी डिसेंबरच्या थंडीत जेट्सच्या मेटलाईफ स्टेडियमला वरच्या टियरमध्ये बसून बघतोय इतकी वर्षं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एनएफएलमध्ये आयपीएलसारखा लिलाव नसतो. गेल्या सीझनला जी टीम सगळ्यात वाईट खेळली ती कॉलेजच्या पोरांमधून पहिली निवड करते, यालाच ड्राफ्ट म्हणतात. आणि कॉर्नरबॅक म्हणजे मैदानाच्या कडेला समोरच्या सगळ्यात वेगवान रिसीव्हरला एकट्याने अडवणारा. म्हणजे चौथा नंबर मिळतो तोच मुळात टीम बेकार असते म्हणून. २०२१ ला जेट्स ४ जिंकले आणि १३ हरले, सगळ्यात जास्त पॉइंट्स देणारी टीम आमची होती, ३२ मध्ये ३२ वी. २०२२ ला सॉस आला आणि कमी पॉइंट्स देण्यात आम्ही थेट चौथ्या नंबरवर गेलो. त्याच्या एकट्यामुळे नाही, पण त्याच्याशिवाय पण नाही. सुरुवात ७-४, मग सलग सहा हरलो, कारण बॉल टाकणारा क्वार्टरबॅकच धड नव्हता. आता छप्पर घातलं नाही हा काय कडीचा दोष झाला का?

त्याच ड्राफ्टमध्ये सॉसच्या आधी एक नंबर, म्हणजे तिसऱ्यावर, ह्यूस्टननेसुद्धा कॉर्नरच घेतला होता, डेरेक स्टिंगली. पहिल्या वर्षी तेही हरतच होते, ३ जिंकले, १३ हरले, एक टाय. पण २०२३ ला त्यांनी लागोपाठ दोन पिक केले, दुसऱ्या नंबरवर क्वार्टरबॅक सी. जे. स्ट्राउड आणि तिसऱ्यावर पास रशर, म्हणजे समोरच्या क्वार्टरबॅकवर धावून जाणारा, विल अँडरसन, आणि मग दोन वर्षं डिव्हिजन, म्हणजे आपला गट, जिंकली आणि दोन्ही वर्षी प्लेऑफमध्ये एकेक मॅच मारली. म्हणजे कॉर्नर आधी घेतला म्हणून वाटोळं होत नाही. आधी घेऊन पुढचं काम अर्धवट सोडलं की होतं.

पैशाचं पण कोणी बोलत नाही. नवीन पोराचा पगार कितव्या नंबरवर घेतला त्यावर ठरतो, तो काय खेळतो त्यावर नाही. सॉसला पहिल्या चार वर्षांचे मिळून ३ कोटी ३० लाख डॉलरच्या आसपास, आणि या जुलैत नवीन करार झाला तो वर्षाला ३ कोटींचा. म्हणजे जी वस्तू बाजारात वर्षाला ३ कोटीला जाते ती तुम्हाला चार वर्षं जवळजवळ पाव किमतीत मिळाली. त्या चार वर्षांत वाचलेल्या पैशात टीम उभी करायची असते. आम्ही केली नाही, हे मला मान्य आहे, आणि याचा राग मला तुमच्यापेक्षा जास्त आहे.

आता मित्राचा मुद्दा जिथे खरा आहे ते पण लिहितो. मी २००८ ला इथे आलो, तेव्हा जेट्सकडे डॅरेल रेव्हिस हा कॉर्नर होता, २००७ ला चौदाव्या नंबरवर घेतलेला, ज्याच्या बाजूला बॉल टाकायलाच लोक घाबरायचे. जानेवारी २०१० ला इंडियानापोलिसला कॉन्फरन्स फायनल, म्हणजे सुपर बोल या महाअंतिम मॅचच्या आधीची मॅच, आम्ही १७-६ ने पुढे. समोर कोल्ट्सचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग. त्याने रेव्हिसच्या वाट्याला जायचंच सोडलं आणि दुसऱ्या बाजूला पिअर गार्सोनला बॉल टाकत राहिला, गार्सोनचे ११ कॅच, १५१ यार्ड, मॅच ३०-१७ ने गेली. एक दार तुम्ही कितीही घट्ट लावा, हुशार माणूस खिडकीतून येतो. त्या रात्री एडिसनच्या अपार्टमेंटमध्ये आम्ही चौघं बॅचलर, कोणी बोलेना, पिठलं केलेलं तसंच राहिलं. पण जेट्स त्यातून शिकले, दोनच महिन्यांत दुसऱ्या बाजूसाठी कॉर्नर अँटोनियो क्रोमार्टीला आणलं, एप्रिलमध्ये अजून एक कॉर्नर पहिल्या फेरीत घेतला, आणि पुढच्या जानेवारीत फॉक्सबरोला पेट्रियट्सच्या घरी जाऊन त्यांच्या क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीला हरवलं, २८-२१. पुन्हा कॉन्फरन्स फायनलपर्यंत गेलो. त्यानंतर आजपर्यंत प्लेऑफ नाही. आमचे शेवटचे चांगले दिवस कॉर्नरच्याच जिवावर होते.

यावर मित्र म्हणतो, सुपर बोलमध्ये शेवटच्या क्षणी बॉल पळवून पेट्रियट्सना जिंकवलं तो कॉर्नर माल्कम बटलर तर ड्राफ्टच झाला नव्हता. बरोबर, फेब्रुवारी २०१५, २८-२४. पण तो एक क्षण नीट बघ, बटलरच्या पुढे ब्रँडन ब्राऊनरने दुसऱ्या रिसीव्हरला जागेवर दाबून धरलं म्हणून बटलरला वाट मिळाली. आणि त्या पेट्रियट्समध्ये तेव्हा रेव्हिस होता, आमचाच. घोट्यात हात घालणारा कोपरारक्षक एकटा काही करू शकत नाही, मागून साखळी आली नाही तर चढाईपटू त्याला ओढत रेषेपर्यंत नेतो, हे तुला मी सांगायचं का, तू तालमीत वाढलेला.

आणि चढाईपटूच जिंकून देत असेल तर मोहम्मदरझा शादलूचं काय? पलटणने २०२३ ला त्याच्यावर २ कोटी ३५ लाख घातले, कोपऱ्यावर, आणि पलटण पहिल्यांदा चॅम्पियन झाली. मग तो हरयाणाकडे गेला, हरयाणा चॅम्पियन. आपण त्याला का सोडला यावर ग्रुपवर तेव्हा एक शब्द नाही. फजलला पण असाच सोडला.

हे सगळं मी एन जे ट्रान्झिटच्या ट्रेनमध्ये बसून टाईप केलं, सिकॉकसला गाडी बदलायची पण विसरलो असतो. त्यात रेव्हिसच्या पुढे अजून दोन नावं टाकली, जेलन रॅम्सीला जॅक्सनविलने पाचव्या नंबरवर घेतला आणि सुपर बोल जिंकला रॅम्सबरोबर, स्टेफन गिलमोरला बफेलोने दहाव्यावर घेतला आणि जिंकला पेट्रियट्सबरोबर. कॉर्नर वाईट नसतात, घेणाऱ्याला ते सांभाळता येत नाहीत, असं लिहिलं. त्यावर त्याचं एका ओळीचं उत्तर आलं. "म्हणजे तुझ्यासारखंच की रे, ड्राफ्ट इकडे, रिंग तिकडे." रिंग म्हणजे सुपर बोल जिंकणाऱ्यांना मिळते ती अंगठी.

मी दोन दिवस काही लिहिलं नाही.

शिवाजीनगरच्या सरकारी कॉलेजात चार वर्षं शिकलो, सरकारी फीमध्ये. ज्यांच्या पैशाने शिकलो त्यांना माझा किती उपयोग झाला याचा हिशोब मी कधी केला नाही, जेट्सचा मात्र मला पाठ आहे. आणि अजून एक गोष्ट मी ग्रुपवर कधी बोललो नाही. प्रो कबड्डी सुरू झाली २०१४ ला. मी पुण्यात राहत असताना पलटण नव्हतीच. बालेवाडीला मी एकदाही त्यांची मॅच बघितलेली नाही. तरी हात आपोआप 'आपली पलटण' लिहितात, आणि १७ वर्षं ज्यांच्यासाठी थंडीत बसलो त्या जेट्सना तिकडून कोणी 'तुमचे' म्हटलं की मला लागतं. इथे ऑफिसमध्ये मी जेट्सबद्दल 'आम्ही' म्हटलं की एखादा क्षणभर बघतो माझ्याकडे. वाईट हेतूने नाही. पण बघतो.

९ नोव्हेंबरला सॉस पहिल्यांदा कोल्ट्सकडून खेळला, बर्लिनमध्ये, अटलांटासमोर. इथे रविवारी सकाळी साडेनऊ, पुण्यात रात्रीचे आठ. मी बघायचं नाही ठरवलं होतं, पण बघितलं. दुपारी मेटलाईफला जेट्सनी क्लीव्हलंडला २७-२० हरवलं. सॉस गेला आणि जिंकलात, असं उद्या कोणी म्हणायच्या आत सांगतो, एक किकऑफ आणि एक पंट, म्हणजे समोरच्यांनी लाथेने मारलेले दोन बॉल, थेट परत आणून टचडाऊन केले म्हणून जिंकलो, त्याचा कॉर्नर असण्या-नसण्याशी काही संबंध नाही. आता हातात पहिल्या फेरीचे जादा पिक आलेत तर आधी क्वार्टरबॅक घ्या, आणि तो मिळाला की पुन्हा कॉर्नर घ्या, लवकरच घ्या, आणि या वेळी ठेवा.

बर्लिनची मॅच ओव्हरटाइममध्ये गेली. तेवढ्यात फोन वाजला, त्याच मित्राचा, ग्रुपवर नाही, मला एकट्याला. "बघतोयस का?" म्हटलं, बघतोय. तो म्हणाला, मी पण, जेवण गार झालं, बायको ओरडतेय. कोल्ट्स ३१-२५ ने जिंकले. मी विचारलं, काय केलंय जेवायला. भरीत, म्हणाला.