संवाद हरवले ते आमच्या हॉलमध्ये, चित्रपटात नव्हे

नमस्कार,

रविवारच्या खेळाला दोन तारे देऊन आपण लिहिलंत की संवाद शेजारच्या खोलीतून आल्यासारखे वाटत होते, रात्रीची दृश्यं नुसती काळी होती, आणि दोन मनं जोडणारं यंत्र म्हणजे ‘वायरी लावलेली पोहण्याची टोपी, एका हो-नाहीला पाच मिनिटं’. पहिल्या दोन तक्रारी पूर्ण खऱ्या आहेत, पण तो दोष आमचा. चित्रपट करणाऱ्यांच्या माथी तो बसू नये म्हणून सविस्तर लिहितो.

लहान निर्मात्यांचे चित्रपट पुष्कळदा डीसीपीऐवजी (चित्रपटगृहांसाठीची ठरावीक डिजिटल प्रत) साध्या फाइलवर येतात. ही फाइल 5.1 ची, म्हणजे आवाजाचे सहा वेगळे चॅनल असलेली होती. आमचा प्लेअर मात्र आदल्या कार्यक्रमानंतर स्टिरिओवरच राहिला होता. त्याने सहा चॅनल दोनात मिसळले नाहीत, फक्त पुढचे डावा आणि उजवा उचलले. संवाद असतात मधल्या चॅनलवर. तो गेला आणि बाजूच्या चॅनलांतली घुमक तेवढी उरली. आपल्याला ‘शेजारची खोली’ ऐकू आली ती हीच. त्यातून या चित्रपटात जोडलेल्या दुसऱ्या मनाचा आवाज मुद्दाम मागच्या स्पीकरांवर ठेवला आहे. तोही गेला. ‘कोण कोणाच्या डोक्यात आहे तेच कळत नाही’ हे आपलं वाक्य वाचून म्हणूनच फार वाईट वाटलं. मध्यंतरानंतर आम्ही आवाज वाढवला, पण त्याने फक्त संगीत कर्कश झालं.

अंधाराचं कारण वेगळं. प्लेअर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजेडाच्या 0 ते 255 पातळ्या पाठवत होता आणि प्रोजेक्टर 16 ते 235 धरून बसला होता. त्यामुळे 16 च्या खालचं सगळं सपाट काळं झालं. दिवसाच्या दृश्यांत हे चटकन लक्षात येत नाही.

टोपीबद्दल मात्र आपल्याशी सहमत नाही. खरे प्रयोगही तसेच संथ आणि किचकट असतात. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ब्रेननेट प्रयोगात (2019 साली प्रसिद्ध) तिघे जण टेट्रिससारखा खेळ खेळले. तुकडा वळवायचा असेल तर दोघे प्रेषक 17 हर्ट्‌झने लुकलुकणाऱ्या दिव्याकडे बघत, नको असेल तर 15 हर्ट्‌झच्या. कुठे बघताहेत ते ईईजीवरून (डोक्यावरच्या टोपीतून मेंदूचे विद्युत संकेत मोजून) ओळखलं जाई. तिसऱ्याच्या डोक्यामागे चुंबकीय स्पंद देत. डोळ्यांपुढे प्रकाश चमकला तर ‘हो’. एवढ्या खटाटोपातून एका वेळी जायचं ते एक हो किंवा नाही, आणि सरासरी अचूकता 81.25 टक्के. मेंदूचे संकेत डोक्याच्या त्वचेवर मायक्रोव्होल्टमध्ये मोजावे लागतात. टोपी आणि त्वचेमधलं जेल नीट लागलं नाही की आपल्या विजेची 50 हर्ट्‌झची गुणगुण घुसते आणि दात आवळले तरी जबड्याचे स्नायू सगळं झाकून टाकतात. नायिकेला ‘जबडा सैल सोड’ असं तीनदा सांगतात ते यासाठी. शेवटी अख्खी आठवण क्षणात पलीकडे जाते, ती मात्र कल्पनेची भरारी. आक्षेप तिथे घेतला असतात तर आम्ही मान डोलावली असती.

चहा गार होता, तेही मान्य.

आता दार उघडण्याआधी अर्धा तास सहाही चॅनलांवर एकेक करून चाचणीचा आवाज वाजवतो, काळ्या पट्ट्यांचं चाचणीचित्र लावतो आणि चित्रपटातलं सर्वांत अंधारं दृश्य मागच्या रांगेतून बघतो. रविवारच्या सर्व प्रेक्षकांना तिकिटाचे पैसे परत मिळतील. येत्या शनिवारी सायंकाळी 6 वाजता हाच चित्रपट पुन्हा लावतो आहोत. रविवारी आलेल्यांना प्रवेश विनामूल्य. आपण जरूर या, शक्यतो मधल्या रांगेत बसा. मागचे स्पीकर तिथूनच नीट ऐकू येतात.

– हॉलचालक, एरंडवणे, पुणे