पिल्लं थेट जन्मतात, मग पाणी कशाला? : किहान्सीच्या भेकांवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप असा : टांझानियातल्या किहान्सी नदीच्या घळीतले हे इवले भेक पाण्यात अंडी घालत नाहीत, थेट पिल्लं देतात, २००३ मध्ये ते मेले बुरशीनं, आता तर परतही सोडलेत. मग मी त्या नदीवरच्या धरणाच्या नावानं का खडे फोडतो?

डबकं लागत नाही, हे कबूल. नेक्टोफ्रिनॉइडिसमध्ये (किहान्सीचा भेक ज्या प्रजातीत मोडतो, ती) फलन मादीच्या पोटातच होतं आणि बेडूकमाशाची अवस्थाही अंडनलिकेतच उरकते. पोषण बलकावर. (आई स्रावावर पिल्लं पोसते ती पश्चिम आफ्रिकेतल्या निंबा डोंगरावरच्या भेकांत, तुम्ही दोन्हींची सरमिसळ केली आहे.) पण किहान्सीचं नवजात पिल्लू असतं जेमतेम ५ मिलिमीटरचं. एवढ्याशा जिवाच्या पातळ कातडीतून ओल बघता बघता उडून जाते. म्हणून टांझानियातल्या उडझुंग्वा कड्याखाली, धबधब्याचे तुषार अखंड उडायचे त्या सुमारे २ हेक्टरांतच हा प्राणी होता. जगात दुसरीकडे कुठेच नाही.

धरणाच्या १८० मेगावॉटच्या वीजप्रकल्पानं घळीतलं सुमारे ९० टक्के पाणी वळवलं. मग उताराच्या दाबावर चालणारे स्प्रिंकलर आले. त्यानंतर संख्या सावरली, जून २००३ मध्ये अंदाज वीस हजारांवर गेला, हे तुमचं बरोबर. पण नोझल फक्त पाणी देतं. धबधबा स्वतःचा वारा निर्माण करतो आणि तुषार लांबवर फेकतो. ते थांबल्यावर बाहेरचा पट्टा सुकला, पाणथळ झाडोरा हटून तण माजलं. त्याच वर्षी बंधाऱ्यातला गाळ खाली सोडला गेला आणि पाठोपाठ संख्या कोसळली.

मेलेल्या भेकांत कायट्रिड बुरशी सापडली, हे खरंच. ती कातडीतल्या केराटिनवर वाढते, क्षारांचं संतुलन बिघडवते आणि शेवटी हृदय बंद पडतं. तरी सगळी जात स्प्रिंकलरखालच्या तुकड्यांत कोंडलेली असताना एकट्या बुरशीवर खापर फोडणं मला पटत नाही.

‘परत सोडले’ म्हणणंही सोपं नाही. २००० मध्ये ४९९ भेक अमेरिकेत नेले होते. तिथे फुप्फुसातल्या कृमींनी आणि अतिनील प्रकाशाच्या चुकलेल्या प्रमाणानं घात केला. एका टप्प्यावर चाळीसही उरले नाहीत. २००९ मध्ये जात निसर्गातून नामशेष जाहीर झाली. २०१२ मध्ये पुन्हा घळीत सोडले, तेही स्प्रिंकलरच्याच भरवशावर.