पुराणे ‘स्पष्ट’ आहेत का? एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

स्वर्गात बसलेल्या दुर्योधनाला पाहून युधिष्ठिर संतापतो, या प्रसंगावरील माझ्या लेखावर आपण लिहिले आहे : “पुराणांत चांगले ते चांगले आणि वाईट ते वाईट असे स्पष्ट सांगितले आहे, त्यात संशय काढणे हा मुंबईत बसून चार पुस्तके चाळणाऱ्यांचा उद्योग आहे.” मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु ज्याची आपली ओळखदेख नाही, त्याचे वाचन चार पुस्तकांत मोजून मोकळे होणे, आणि तेही स्वतःचे नाव न देता, ही कोणती रीत?

बळीराजाला मी एका ओळीत उरकले, हा आपला आक्षेप रास्त आहे. मात्र पाडव्याला ‘इडापिडा टळो, बळीचे राज्य येवो’ असे म्हणणारा महाराष्ट्र ज्याचे राज्य मागतो तो असुर आहे, म्हणजे हे उदाहरण आपल्याच विधानाला छेद देते, हे आपल्या ध्यानात आलेले दिसत नाही.

आता ‘स्पष्ट’विषयी. अश्वत्थामा मेला असे द्रोणांना सांगताच, एरवी जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा युधिष्ठिराचा रथ खाली टेकतो. महाभारत तेवढ्यावर थांबत नाही. स्वर्गारोहणपर्वात भावांना शोधत तो दुर्गंधीने भरलेल्या अंधाऱ्या वाटेने जातो. परत फिरू लागतो तेव्हा ‘क्षणभर थांब, तुझ्या अंगावरून येणाऱ्या वाऱ्याने आम्हाला बरे वाटते’ अशी विनवणी ऐकू येते, आणि ‘तुम्ही कोण?’ असे विचारल्यावर कर्ण, भीम, अर्जुन, द्रौपदी ही नावे कानी पडतात. तो तिथेच थांबतो, देवांची आणि खुद्द धर्माचीही निंदा करतो. पुढे इंद्र सांगतो की द्रोणांना पुत्राविषयी तू कपटाने फसवलेस, म्हणून तुलाही कपटानेच नरक दाखवला. दुर्योधनाला स्वर्ग का, तर त्याने क्षात्रधर्माने रणात देह ठेवला, असे नारद म्हणतात. हा संशय मी बाहेरून आणलेला नाही, तो कथेच्या गाभ्यातच आहे.

आणि वाचनाचेच म्हणाल, तर गिरगावातल्या चाळीत चातुर्मासात माझे आजोबा पोथी वाचत. वालीवधाच्या दिवशी रात्रपाळी करून आलेल्या एका गिरणी कामगाराने ‘पण झाडाआडून का?’ असे भर श्रोत्यांत विचारले, तेव्हा आजोबांनी ओवीवर बोट ठेवले आणि रामाला जाब विचारणारे वालीचे बोल पहिल्यापासून पुन्हा वाचले. त्याला कोणी नास्तिक म्हटले नाही, की शहरी शहाणा म्हणून हिणवले नाही. भाविक माणसे प्रश्न विचारतात, हे मी तिथे मांडी घालून शिकलो. आपण कुठे शिकलात हे मला ठाऊक नाही, आणि मी ते विचारणारही नाही.

मुले बिघडतील, परकीय विचारांचा प्रभाव आहे, या आरोपांना उत्तर देण्याजोगे त्यांत काही नाही. ‘हा प्रसंग मनाने रचलेला आहे’ एवढे मात्र मी ऐकून घेणार नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 ते 1966 या काळात सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीत स्वर्गारोहणपर्वाचे अवघे पाच अध्याय आहेत आणि इंद्राचे ते वाक्य तिसऱ्यात आहे. ते वाचावे आणि मग नावानिशी लिहावे. मी सविस्तर उत्तर देईन.