'मलेरिया असून निगेटिव्ह रिपोर्ट दिला' या रिव्ह्यूला लॅबकडून उत्तर

नमस्कार. बाबांचा ताप आता उतरला असेल असं धरून चालतो, मलेरिया गेला तरी माणसाला पार थकवून टाकतो त्यामुळे त्यांच्या खाण्यापिण्याकडे जरा लक्ष असू द्या.

तुम्ही लिहिलंय की आमच्याकडे मलेरियाची टेस्ट निगेटिव्ह आली आणि दुसऱ्या दिवशी दुसरीकडे व्हायवॅक्स (मलेरियाची एक जात) निघाला, रिपोर्टला तीन तास लावले, वर परत या म्हणून सांगितलं म्हणजे हा पैसे काढायचा धंदा, आणि लोकांनी स्लाइडच्या (काचपट्टीवरचं रक्त मायक्रोस्कोपखाली बघायच्या टेस्टच्या) भानगडीत न पडता सरळ कार्ड टेस्ट (रक्ताचा थेंब टाकला की रेघ येते ती झटपट टेस्ट) करावी. बाबांच्या रिपोर्टमधलं बाकी काही मी इथे चारचौघांत लिहिणार नाही, तो त्यांचा खाजगी विषय. पण तुमची शेवटची ओळ वाचून उद्या कोणी तसंच केलं तर त्याच्या अंगाशी येईल, म्हणून हे एवढं लांब लिहितोय.

आमच्या रिपोर्टवर 'मलेरिया नाही' असं कधीच लिहिलेलं नसतं. 'या स्मिअरमध्ये मलेरियाचे पॅरासाइट दिसले नाहीत, ताप राहिल्यास 12 ते 24 तासांनी परत तपासा' असं असतं (स्मिअर म्हणजे काचेवर पसरलेलं रक्त, पॅरासाइट म्हणजे मलेरियाचे जंतू) आणि काउंटरवर तोंडीही सांगतो. व्हायवॅक्स मुख्यतः कोवळ्या लाल पेशींत शिरतो, त्या पेशी रक्तात मुळातच थोड्या, त्यामुळे तापाच्या सुरुवातीला पॅरासाइट इतके कमी असू शकतात की घेतलेल्या थेंबात एकसुद्धा सापडत नाही. साधारण 48 तासांत ते पेशीत वाढतात, पेशी फोडून बाहेर येतात, तेव्हाच ती थंडी भरून येते, आणि त्यांची संख्या वाढत जाते. म्हणजे आज न दिसलेला उद्या दिसणं यात आश्चर्य काहीच नाही. फाल्सिपेरम ही मलेरियाची दुसरी जात तर आणखी लबाड, वाढलेले पॅरासाइट मेंदू, किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्यांना चिकटून बसतात, हातातून काढलेल्या रक्तात दिसतच नाहीत. त्यात कोणी घरात उरलेली क्लोरोक्विनची (मलेरियाच्या औषधाची) गोळी घेऊन आला की स्लाइड अजूनच रिकामी (हे बाबांबद्दल नाही म्हणत, पण लोक घेतात आणि सांगत नाहीत). म्हणून संशय असला तर दोनतीन वेळा स्लाइड बघावीच लागते, कुठल्याही चांगल्या लॅबमध्ये.

आता वेळेचं. आम्ही थिक (जाड) आणि थिन (पातळ) दोन्ही स्मिअर करतो. थिकमध्ये रक्ताचे कितीतरी थर एकावर एक असतात म्हणून कमी पॅरासाइट त्यात पकडता येतात, थिनमध्ये व्हायवॅक्स की फाल्सिपेरम ते ओळखता येतं. पण थिक पूर्ण सुकल्याशिवाय स्टेनमध्ये (रंगात) घालता येत नाही, ओला असला तर धुवून निघून जातो, आणि घाई करून गरम केला तर लाल पेशी काचेवर पक्क्या होतात, मग त्या फुटत नाहीत आणि आतलं काही दिसत नाही. पावसात म्हापशाची हवा कशी असते तुम्हाला माहीतच आहे, कपडे दोनदोन दिवस वाळत नाहीत. त्यानंतर ऑइल इमर्शनखाली (तेलाचा थेंब घालून वापरायच्या मोठ्या भिंगाखाली) किमान 100 फील्ड (एका वेळी भिंगात दिसतो तेवढा भाग म्हणजे एक फील्ड) बघितल्याशिवाय आमचे टेक्निशियन निगेटिव्हवर सही करत नाहीत, आणि मी त्यांना कधी घाई करायला लावणार नाही.

कार्ड आम्हीही करतो, वाईट नाही, 15-20 मिनिटांत रेघ येते, रात्री-अपरात्री फार उपयोगी पडतं. पण एका मायक्रोलिटर रक्तात साधारण 100-200 पॅरासाइट नसतील तर रेघेचा भरवसा नाही, तिथे मुरलेल्या डोळ्याला थिक स्मिअरवर त्याहून कमीही सापडतात. आणि फाल्सिपेरमचं औषध पूर्ण झाल्यावरही कार्ड कितीतरी आठवडे पॉझिटिव्ह येत राहतं, शिवाय पॅरासाइट किती आहेत तेही त्यावर कळत नाही, म्हणजे औषध लागू पडतंय का हे डॉक्टरांना स्लाइडवरच बघावं लागतं. 'अजून मायक्रोस्कोपच वापरतात' म्हणालात, तर मलेरियासाठी आजही तीच खात्रीची टेस्ट आहे. सीबीसी या नेहमीच्या रक्ततपासणीचं मशीन पेशी मोजतं, पॅरासाइट शोधणं हे त्याचं कामच नाही.

पैशांबद्दल एकच सांगतो. परत या म्हणजे आमच्याकडेच या असं नाही. आझिलोत (म्हापशाच्या सरकारी जिल्हा हॉस्पिटलात) किंवा जवळच्या हेल्थ सेंटरमध्ये मलेरियाची टेस्ट आणि औषध दोन्ही फुकट आहे, तिथे जा, पण दुसरी स्लाइड कराच. हे आम्ही प्रत्येकाला सांगतो.

तुमचे स्टार तसेच राहू देत, फक्त 'स्लाइड करू नका' ही ओळ तेवढी काढा अशी विनंती आहे, पावसाचे दिवस आहेत आणि इथे बांधकामावरचे कामगारसुद्धा रिव्ह्यू विचारून येतात.

आणि व्हायवॅक्स निघालाय म्हणता तर डॉक्टरांनी प्रायमाक्वीन 14 दिवस दिली असेल, ताप गेला म्हणून मध्येच सोडू देऊ नका, लिव्हरमध्ये लपलेले पॅरासाइट त्यानेच जातात नाहीतर काही महिन्यांनी तोच ताप परत येतो. त्याआधी जीसिक्सपीडी टेस्ट (हे एन्झाइम शरीरात कमी असेल तर प्रायमाक्वीनने लाल पेशी फुटू शकतात, ते बघायची रक्ततपासणी) झाली होती का तेही विचारून घ्या.

बाबांची ती स्लाइड आम्ही ठेवलेली आहे. तुमच्या ओळखीच्या कोणत्याही पॅथॉलॉजिस्टना घेऊन या किंवा सही करून स्लाइड घेऊन जा आणि बाहेर दाखवा, दोन्ही चालेल, रविवार सोडून कधीही या.