‘एक ओळ टाकली की विषय संपला’ म्हणणाऱ्या दादांना उत्तर

दादा, कॉमेंट वाचली. वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरमधला तुमचा अनुभव दांडगा आहे, वादच नाही. पण "चेकफॉरइल्लीगलक्रॉसथ्रेडकॉल्स फॉल्स केलं की विषय संपला, साइटवर कधी एरर आली नाही, मी इन्व्होक लावला तर उलट फॉर्म बंद करताना हँग झाला, आणि असिंक-अवेट म्हणजे नुसती फॅशन" हे तसंच सोडलं तर पोरं तेच कॉपी मारणार, म्हणून जरा लांबलचक लिहितोय. नवख्यांसाठी आधी मुद्दा: थ्रेड म्हणजे प्रोग्रॅममध्ये समांतर चालणारं काम. स्क्रीन एकटा यूआय थ्रेड सांभाळतो, दुसऱ्या थ्रेडनं तिला थेट हात लावला तर एरर येते, आणि दादांची ती ओळ ही तपासणीच बंद करते. इन्व्होक म्हणजे ते काम यूआय थ्रेडकडं देऊन होईपर्यंत थांबणं, आणि असिंक-अवेट म्हणजे स्क्रीन न अडवता कामाची वाट बघायची सी शार्प भाषेतली सोय.

साइटवर एरर आली नाही हा पुरावाच नव्हे. विनफॉर्म्समधली (डॉटनेटमधलं विंडोजचे फॉर्म बनवायचं साधन) ही तपासणी बाय डीफॉल्ट फक्त डीबगर (चुका शोधायचं टूल) जोडलेला असतानाच चालू असते. काटा केबिनमधल्या पीसीवर नुसती ईएक्सई पळते, तिथं ती तशीही बंदच, तुमची ओळ असो वा नसो. मग त्या ओळीनं गप्प कुणाला केलं, तर तुमच्याच मशीनवरच्या डीबगरला.

आता लेबल (स्क्रीनवर वजन दाखवणारा मजकूर) चालतं, कारण दुसऱ्या थ्रेडवरून टेक्स्ट बदलला तरी विंडोज तो मेसेज विंडो बनवणाऱ्या थ्रेडकडंच पाठवतं आणि तुमचा थ्रेड तिथं थांबून राहतो, म्हणजे गपचूप इन्व्होकच झाला की! ग्रिडचं तसं नाही. डेटाग्रिडव्ह्यूच्या, म्हणजे स्क्रीनवरच्या तक्त्याच्या, ओळी डॉटनेटच्या मेमरीत, एक थ्रेड ओळ घालतोय आणि त्याच वेळी यूआय थ्रेड ती रंगवतोय, असं जुळून आलं की ग्रिडच्या जागी पांढऱ्या चौकोनात लाल फुली. आणि हे जुळून येणार ते ऐन हंगामात, बाहेर ट्रॉल्यांची लाईन लागलेली असताना.

हँगचं म्हणाल तर तिथं दोघं एकमेकांची वाट बघत बसतात. काटा ज्या सीरियल पोर्टला जोडलेला असतो, त्याचा डेटारिसीव्हड इव्हेंट (डेटा आल्याची सूचना; ती आल्यावर चालणारा तुमचा कोड म्हणजे हँडलर) मुळात यूआय थ्रेडवर येतच नाही. त्यातून तुम्ही इन्व्होक केलं, ते यूआय मोकळा व्हायची वाट बघतंय. तिकडं यूआय थ्रेड फॉर्म क्लोजिंगमध्ये पोर्ट क्लोज करतोय, ते क्लोज तुमचा हँडलर संपायची वाट बघतंय. बसा आता! बिगिनइन्व्होक काम रांगेत टाकून पुढं जातं, थांबत नाही, त्यामुळं ही गाठ सुटते, पण इंडिकेटर (काट्याचा वजन दाखवणारा डबा) सेकंदाला कितीतरी वेळा वजन फेकतो, प्रत्येकाला बिगिनइन्व्होक केलं तर मेसेजची रांग तुंबते, आणि फॉर्म गेल्यावर एखादा कॉल आला की एक्सेप्शन.

मी तर काट्यासाठी दोन्हीच्या भानगडीत पडत नाही. हँडलरनं शेवटचं वजन लॉक घेऊन (एका वेळी एकच थ्रेड हात लावेल असं) एका व्हेरिएबलमध्ये ठेवायचं, बास. फॉर्मवरचा टायमर १०० मिलिसेकंदाला ते उचलून लेबलवर टाकतो. फक्त टायमर फॉर्म्सवालाच घ्या, त्याचा टिक यूआय थ्रेडवरच येतो. सिस्टिम डॉट टायमर्समधला घेतलात तर परत पहिले पाढे पंचावन्न.

असिंक-अवेट २०१२ ला सी शार्प ५ मध्ये आलं, फॅशन म्हणायला तसं जुनंच झालं. बटणाच्या क्लिकमधून अवेट केलं तर पुढची ओळ परत यूआय थ्रेडवर येते, पण डेटारिसीव्हडमधून केलं तर नाही, कारण सुरुवातच बाहेरून झालेली. आणि यूआय थ्रेडवर अवेटऐवजी डॉट रिझल्ट लिहून उत्तर येईपर्यंत थांबू नका, परत तोच हँग.

जाता जाता, इव्हेंट आला म्हणजे वजनाची अख्खी स्ट्रिंग (अक्षरांची ओळ) आली असं नसतं. शेवटचं कॅरेक्टर येईपर्यंत बफरमध्ये साठवा आणि मगच वजन काढा, नाहीतर १८४५० च्या जागी १८४५ दिसायचं आणि शेतकरी काटा मारला म्हणून केबिनमध्ये घुसायचा, त्याला थ्रेड कोण समजावणार?