‘नाइट’मध्ये ‘एट’ लपलेला नाही

सगळ्या युरोपीय भाषांत ‘एन’ला आठ जोडला की रात्र होते, असा एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. इंग्रजीत एट–नाइट, जर्मनमध्ये आख्ट–नाख्ट, स्पॅनिशमध्ये ओचो–नोचे, इटालियनमध्ये ओत्तो–नोत्ते. पुढचा खुलासा असा: ‘एन’ हे गणितातलं अनंताचं चिन्ह, आडवा आठही अनंताचाच, म्हणून रात्र म्हणजे अनंताशी मीलन. यातलं शब्दांचं साम्य तेवढं खरं आहे.

अनंताचा मुद्दा तर लगेच निकालात निघतो. गणितात ‘एन’ म्हणजे सहसा कोणतीही एक नैसर्गिक संख्या. आडव्या आठाचं चिन्ह जॉन वॉलिस यांनी १६५५ मध्ये आणलं. रात्रीचे हे शब्द त्याच्या हजारो वर्षं आधीचे.

‘सगळ्या युरोपीय भाषांत असंच आहे’ हेही चूक. रशियनमध्ये रात्र नोच आणि आठ वोसिम. वेल्शमध्ये नोस आणि उइथ. अशा जोड्या त्या यादीत कधीच नसतात.

मग उरलेल्या जोड्या जुळतात कशा? लॅटिनमध्ये रात्र ‘नोक्ते’ आणि आठ ‘ओक्तो’. दोन्हींत ‘क्त’ आहे, आणि लेकभाषांनी तो ठरल्या रीतीने बदलला: इटालियनमध्ये ‘त्त’, स्पॅनिशमध्ये ‘च’, पोर्तुगीजमध्ये ‘इत’. दुधाचा ‘लाक्ते’ बघा: लात्ते, लेचे, लेइते. तिथे आठाचा काहीच संबंध नाही, तरी बदल तोच. आपल्याला हे परकं वाटू नये. भक्त (शिजवलेलं अन्न) – भत्त – भात हा प्रवास आपल्याच ताटातला आहे. रातांब्यातला ‘रात’ही रक्त, म्हणजे लाल, यातूनच आला.

सगळ्यात भक्कम पुरावा तर संस्कृतात आहे, आणि तोच आपल्याकडे कोणी पुढे करत नाही याचं वाईट वाटतं. दिवसभर उपास करून रात्री जेवायचं त्या व्रताला आपण नक्त म्हणतो. तो ‘नक्त’ आणि ‘नाइट’ एकाच मुळाचे. ‘अष्ट’ आणि ‘एट’ही तसेच. पण न आणि अष्ट जोडले तर नष्ट होईल, नक्त नाही. लिथुआनियनमध्येही रात्र नाक्तिस आणि आठ आश्तुओनी. या सगळ्या भाषा ज्या एका मूळ भाषेतून आल्या, तिच्यात रात्रीतला ‘क’ आणि आठातला ‘क’ वेगळे होते. लॅटिन आणि जर्मन (यातच इंग्रजीही) घराण्यांत ते ‘त’पूर्वी एकसारखे झाले, संस्कृत आणि लिथुआनियनने त्यांचा भेद जपला. रात्रीचा ‘न’ आठाला मागाहून चिकटवलेला नाही. तो पहिल्यापासून तिच्या मुळातच आहे.