बेवुस्टझाइन आणि आपली जाणीव

जर्मन मजकूर मराठीत आणताना ‘बेवुस्टझाइन’ या, भान किंवा जाणीव अशा अर्थाच्या शब्दासाठी सरसकट ‘चैतन्य’ लिहिलेले दिसले की मला ते मनापासून खटकते. आपले चैतन्य वेदान्तातून आलेले आहे. ते सर्वव्यापी असते, कोणा एकाच्या मालकीचे नसते. बेवुस्टझाइन मात्र कोणाला तरी आणि बहुतेक वेळा कशाची तरी असते.

विद्यापीठांत लॅटिनचा दबदबा असताना जर्मनीतील हाले येथील तत्त्वज्ञ क्रिस्तियान वोल्फ यांनी 1720 च्या सुमारास जर्मनमध्ये तत्त्वज्ञान लिहिताना हा शब्द रूढ केला. ते तो दोन तुकड्यांत लिहीत: ‘बेवुस्ट’ हा जाणणे या अर्थाच्या ‘विसन’च्या कुळातला, आणि ‘झाइन’ म्हणजे साधे असणे. ‘इश बिन मिअर डेसन बेवुस्ट’ या रोजच्या वाक्यात ‘मिअर’ चतुर्थीत आणि ‘डेसन’ षष्ठीत आहे. ‘मला त्याची जाणीव आहे’ असे म्हणताना आपणही त्याच दोन विभक्ती वापरतो. जाणणे या क्रियापदातून आलेला इतका जवळचा शब्द घरात असताना तो डावलण्याचे कारण मला दिसत नाही. कर्तव्याची जाणीव, पर्यावरणाची जाणीव यांसाठी जर्मनमध्ये याच शब्दाचे समास आहेत.

अर्थात एकच शब्द सगळीकडे चालणार नाही. जर्मन रुग्ण बेवुस्टझाइन गमावतो, तेव्हा आपल्याकडे शुद्ध हरपते. ‘बेवुस्टलोस’ म्हणजे बेशुद्ध, तर ‘उनबेवुस्ट’ म्हणजे नकळत. मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांनी 1915 च्या निबंधात मनाच्या दडलेल्या भागाला या दुसऱ्या शब्दापासूनच नाव दिले आहे, आणि त्यासाठी ‘अबोध’पेक्षा ‘नेणीव’ मला अधिक नेमकी वाटते, कारण तिच्यात जाणिवेशी असलेले नाते ऐकू येते. ‘झेल्ब्स्टबेवुस्टझाइन’ (‘झेल्ब्स्ट’ म्हणजे स्वतः) तत्त्वज्ञ हेगेल यांच्या लेखनात आत्मजाणीव असते, पण जर्मन आई मुलात ते हवे म्हणते तेव्हा तिला आत्मविश्वास अभिप्रेत असतो.

खरी अडचण मार्क्स यांच्या राजकीय अर्थशास्त्राच्या चिकित्सेवरील ग्रंथाच्या 1859 च्या प्रस्तावनेत येते. माणसांची जाणीव त्यांचे अस्तित्व ठरवत नाही, तर त्यांचे सामाजिक अस्तित्व त्यांची जाणीव ठरवते, या वाक्यात मूळ शब्द ‘झाइन’ आणि ‘बेवुस्टझाइन’ आहेत. पहिला दुसऱ्याच्या पोटातच आहे. अस्तित्व आणि जाणीव यांच्यात ते नाते उरत नाही. मी ‘असणे’ आणि ‘जाणते असणे’ असेही लिहून पाहिले, पण वाक्य अडखळू लागले. शेवटी ते खोडून ‘जाणीव’च ठेवली आणि झाइनचा उलगडा तळटीपेत केला.